बाळ गेल्यानंतर : एका जोडप्याची दत्तकापर्यंतची वाट

जानेवारीची ९ तारीख जवळ आली की आमच्या भंडारा जिल्ह्यात, ज्या घरात बाळंतीण असते त्या घरात, कोणीतरी हळूच ती रात्र आठवते. २०२१ साली त्या पहाटे, दीड-दोनच्या सुमारास, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात आग लागली. आत १७ बाळे होती. सात बाळांना बाहेर काढता आले. दहा बाळे गेली. काही भाजली, बाकीची धुराने गुदमरली. कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली, श्वासाचा त्रास असलेली ही बाळे जगावीत म्हणूनच तिथे ठेवली होती.

पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. राज्य सरकारने पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख अशी मदत जाहीर झाली. चौकशी झाली, कारवाई झाली. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत एका मजूर जोडप्याची हकीकत छापून आली होती. लग्नाला बरीच वर्षे झालेली, आधीची बाळे मृत जन्मलेली, आणि पहिल्यांदाच जिवंत जन्मलेले बाळ त्या कक्षात होते. ती बातमी वाचून आमच्या गटातल्या बाया चूल न पेटवता बसल्या होत्या.

त्या घरांची नावे पुन्हा छापून त्यांचे दुःख उकरायचे नाही. आज सांगतो ती गोष्ट दुसऱ्या जोडप्याची आहे. नाव आणि वस्ती सांगणार नाही. कायदाही दत्तक मुलाची ओळख उघड करू देत नाही, आणि त्या घरालाही ते नको आहे. पण त्यांची वाट सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून त्यांना विचारून, त्यांना वाचून दाखवून हे लिहिले आहे.

आमची चूक आधी

आम्ही म्हणजे वस्त्यांत आरोग्याचे काम करणारा बायांचा गट. आमच्यात नर्सिंगचा डिप्लोमा करून दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या आहेत, आशाताई आहेत, बचत गटाच्या बाया आहेत. आगीनंतर आम्ही संतापलो होतो. विहारासमोर, चौकात, जिथे चार माणसे जमतील तिथे बोललो. "दवाखाना आहे की मसणवटा?" असे शब्द आमच्या तोंडून गेले. टाळ्या पडल्या.

त्या गर्दीत तीन महिन्यांची एक गरोदर बाई उभी होती. तिचा पहिला गर्भ पाचव्या महिन्यात पडलेला. दुसरे बाळ आठव्या महिन्यात मृत जन्मलेले. हे तिसरे. नवरा गवंडीकाम करणारा, ती भातरोवणीला आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पाने तोडायला जाणारी. पुढे करोनाची दुसरी लाट आली, दवाखान्याची भीती दुप्पट झाली. नवव्या महिन्यात एके दिवशी पोटातले बाळ हलणे कमी झाले. तिने दोन दिवस कोणाला सांगितले नाही. डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सासूने आशाताईला बोलावले. १०८ वर फोन झाला, गाडी आली, पण तोवर बाळाचे ठोके थांबले होते. तिचा रक्तदाब १८० वर होता. झटके येण्याआधी ती पोहोचली, म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या खाटेजवळ बसलो. का सांगितले नाहीस, असे विचारले. ती म्हणाली, "बाई, तुमीच तं सांगतलं होतं ना, दवाखान्यात लेकरं जळतेत म्हून. मंग मी माह्या लेकराले तिथं कशी नेऊ?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी नेहमी एकत्र सांगतो. दवाखान्याला जाब विचारा : बालकक्षात आग विझवण्याचे नळकांडे आहे का, त्याची मुदत संपली आहे का, बाहेर पडायचे दार मोकळे आहे का, की तिथे कपाट लावले आहे, रात्री कक्षात कोण जागे असते. हा जाब विचारणे आपला हक्क आहे. १५ नोव्हेंबर २०२४ ला झाशीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्षाला आग लागून पुन्हा दहा बाळे गेली, तेव्हा भंडाऱ्याचा धडा देशाने गिरवला नाही हे दिसले. पण जाब विचारता विचारता दवाखान्यात जाणे थांबवू नका. सातव्या महिन्यानंतर बाळाचे हलणे कमी वाटले, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले, रक्त गेले, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी फुकट आहे, तातडीला १०८ आहे.

बाळ गेले, तरी ती बाळंतीणच

मृत बाळ जन्मले की घर कसे वागते, हे आम्ही किती घरांत पाहिले. बाळ फडक्यात गुंडाळून माणसे घाईघाईने पुरायला नेतात. आईला तोंडसुद्धा दाखवत नाहीत. "पाहिलं तं जास्त रडन," म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. ज्या आईने बाळ पाहिले, हातात घेतले, तिला निदान निरोप देता आला. जिने पाहिले नाही, ती वर्षानुवर्षे विचारते, कसे होते, कोणावर गेले होते. आईला विचारा. तिला पाहायचे असेल तर पाहू द्या. नको म्हणाली तर तेही माना.

दुसरी गोष्ट, जी कोणी बोलत नाही. बाळ नसले तरी दोन-चार दिवसांत दूध येते. शरीराला बाळ गेल्याचे कळत नाही. छाती दगडासारखी होते, पदर भिजतो, आणि बाई लाजेने कोपऱ्यात बसते. अशा वेळी छातीवर गार पाण्याची घडी ठेवा. आधार देणारी चोळी घाला, पण कापड करकचून आवळू नका. दूध सारखे पिळू नका, पिळले की आणखी येते. फारच ठणकले तर आराम पडेल इतकेच थोडे काढा. छाती लाल झाली, ताप आला तर दवाखाना. दूध बंद करायच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तदाब असलेल्या बाईला तर मुळीच नाही.

बाळंतिणीचा आहार, विश्रांती, लोहाच्या गोळ्या, टाक्यांची काळजी, सगळे तिला तसेच लागते. बाळ नाही म्हणून पाचव्या दिवशी तिला रोवणीला पाठवू नका. आणि रडणे, न जेवणे, न झोपणे, जगू नये असे वाटणे दोन आठवड्यांनंतरही तसेच राहिले तर ते नाटक नाही, आजार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येते.

या काळात तिला कोणी किसा गौतमीची मोहरी सांगतो. ज्या घरात मरण झाले नाही तिथून मूठभर मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले, ही कथा आपल्याला पाठ आहे. पण लक्षात घ्या, बुद्धांनी तिला गप्प बसवले नाही. तिला दारोदारी जाऊ दिले, प्रत्येक घराचे दुःख ऐकू दिले. उपदेश आधी आणि ऐकणे नंतर, असे आपण करू नये. आपल्या रमाईनेही गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. पुत्रशोक काय असतो हे बाबासाहेबांच्या घराला पोथीतून कळले नव्हते.

असे का झाले, हे विचारा

सासूने एका बाबाकडून अंगारा आणला होता. "कोनाची तरी नजर हाय," म्हणत होती. आम्ही भांडलो नाही. आम्ही म्हटले, आत्या, अंगारा बाजूला ठेवा, आधी दोघांचे रक्त तपासू. तीन बाळे गेली आणि एकदाही कोणी कारण शोधले नव्हते. दोनदा गर्भ गेला किंवा एकदा जरी मृत बाळ जन्मले, तरी पुढच्या खेपेच्या आधी तपासणी झालीच पाहिजे : रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, लघवीतील प्रथिने, गुप्तरोगाची चाचणी, आणि रक्तगट. आईचा गट निगेटिव्ह आणि बापाचा पॉझिटिव्ह असेल तर प्रत्येक बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शनचे विचारावेच लागते.

आणि सिकलसेल. पूर्व विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार जास्त आहे, हे आपल्याला माहीत आहे, पण लग्न ठरवताना आपण पत्रिका विचारत नाही तसे रक्तही विचारत नाही. वाहक माणूस धडधाकट असतो. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल सिकलसेल रुग्ण होण्याची असते. स्वतः सिकलसेल रुग्ण असलेल्या बाईचे बाळंतपण जोखमीचे असते, बाळ कमी वजनाचे किंवा मृत जन्मण्याचा धोका वाढतो. साधी सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर पक्की चाचणी मोठ्या दवाखान्यात. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. तपासणीला पैसे पडत नाहीत.

आमच्या ताईचे रक्त सिकलसेलसाठी निर्दोष निघाले. नवरा वाहक निघाला, म्हणजे तिकडून धोका नव्हता. कारण दुसरेच होते. बाळंतपण होऊन तीन महिने झाले तरी तिचा रक्तदाब उतरला नव्हता, आणि त्याचा परिणाम मूत्रपिंडावर दिसू लागला होता. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले, औषध रोज घेतले तर तुम्ही उत्तम जगाल, पण आणखी एक गरोदरपण जिवावर बेतू शकते.

नवरा बाहेर येऊन पायरीवर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले लेकरू पायजे, पन ही पायजे तवा." त्या वाक्यावर आमचे पुढचे सगळे काम उभे राहिले.

इथे पुरुषवाचकांना एक सांगतो. या घरात दोष शोधताना आधी रक्त तपासले, बाईला बोल लावला नाही. ज्यांना वर्षभर प्रयत्न करूनही दिवस जात नाहीत त्यांनीही दोघांनी तपासावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त आहे, आणि अशा जोडप्यांत पुरुषाच्या बाजूची कारणेही पुष्कळदा सापडतात. तरी घरोघरी बाईच्याच सोनोग्राफ्या आणि उपास चालतात. 'वांझ' हा शब्द आपल्या वस्तीतून हद्दपार झाला पाहिजे.

कोणाचे रक्त, कोणाचे लेकरू

दत्तक हा शब्द पहिल्यांदा ताईनेच काढला. सासूचा पहिला प्रश्न : "कोनाचं रक्त, कोनाची जात, का मालूम?"

आम्ही भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवले. जोतीराव आणि सावित्रीमाई यांना मूल नव्हते. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन सुरक्षित बाळंत व्हावे म्हणून. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस केले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रोग्यांची सेवा केली ती याच डॉक्टर लेकाच्या सोबतीने, आणि त्या सेवेतच प्लेगने त्या १० मार्चला गेल्या. ज्यांना आपण माय-बाप म्हणतो त्यांनी जात आणि रक्त विचारले नाही. मग आपण कोण विचारणारे?

सासू त्या दिवशी काही बोलली नाही. तिने अंगाऱ्याची पुडी मात्र चुलीत टाकली.

कायद्याच्या दोन वाटा

पहिली वाट नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाची. त्यासाठी १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. नावात 'हिंदू' आहे म्हणून आपले लोक बिचकतात. पण त्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्धांचा समावेश आहे. बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात दत्तकाचाही भाग होता. ते बिल अडवले गेले आणि इतर कारणांसह त्या कारणाने त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले. नंतर बिलाचे तुकडे करून कायदे झाले. दत्तकाचा कायदा लागू झाला २१ डिसेंबर १९५६ ला, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी. जुन्या शास्त्रात दत्तक म्हणजे मुलगाच. या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, पत्नीची संमती आवश्यक झाली, आणि दत्तहोम केलाच पाहिजे असे बंधन राहिले नाही. होम नको असलेल्या आपल्या समाजाला याहून काय हवे?

या वाटेने जायचे तर मुलाच्या जन्मदात्या आई-बापाची दोघांची मोकळी संमती हवी, मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित हवे, आणि पैशांचा व्यवहार अजिबात नको. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे पुढे शाळेत, वारसात अडचण येत नाही.

ताईच्या दिराने आपला तिसरा मुलगा देऊ केला. सगळे खूश झाले. आम्ही जाऊबाईला एकटीला गाठून विचारले. ती पदर तोंडात धरून रडली. "मी का म्हनू, सगळेच म्हनतेत देऊन टाक." ही संमती नव्हे, दबाव आहे. ताईला सांगितले तशी तीच म्हणाली, "माही ओटी भरासाठी तिची खाली करू का?" ती वाट तिथेच सोडली.

दुसरी वाट सरकारी यंत्रणेची, बाल न्याय कायदा २०१५ ची. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. अनाथ, सोडून दिलेली किंवा आईने बाल कल्याण समितीसमोर रीतसर सोपवलेली मुले या वाटेने घर शोधतात. सगळा कारभार केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे 'कारा' यांच्या ऑनलाइन नोंदणीतून चालतो. विधवा, परित्यक्ता, अविवाहित बाईही मूल घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली हवीत. दोन वर्षांपर्यंतचे बाळ हवे तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत. म्हणून "पाहू पुढे" म्हणत वय घालवू नका.

तिसऱ्या वाटेला जाऊ नका

नोंदणी केल्यावर काही महिन्यांत एक माणूस घरी आला. एका खासगी दवाखान्यात कुमारी मातेचे बाळ आहे, दीड लाख द्या, जन्माच्या दाखल्यावर थेट तुमचेच नाव लावून देतो, म्हणाला. नवऱ्याने दागिने मोडायचे ठरवले होते. ताईने आम्हाला फोन केला म्हणून बरे झाले.

मूल विकणे आणि विकत घेणे दोन्ही गुन्हे आहेत. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. शिवाय असे मूल केव्हाही परत घेतले जाऊ शकते. करोनाच्या काळात, २०२१ च्या मे महिन्यात, "आई-बाप गेलेली दोन मुले आहेत, कोणाला हवी असल्यास संपर्क करा" असे संदेश मोबाइलवर फिरत होते. ती वाटही बेकायदाच होती. असे मूल दिसले तर १०९८ वर फोन करा.

आणि जिच्या पोटात नको असलेले मूल आहे तिलाही सांगा : बाळ टाकू नको, विकू नको. बाल कल्याण समितीसमोर सोपवता येते, नाव गुप्त राहते, आणि विचार बदलला तर ६० दिवसांच्या आत बाळ परत घेता येते. वस्तीने तिला नावे ठेवली तर तीच वस्ती त्या बाळाला उकिरड्यापर्यंत नेते.

कागद, पैसा आणि वाट पाहणे

खरे अडले ते कागदांवर. लग्न विहारात झालेले, फोटो होते, नोंदणी नव्हती. गावात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो, त्याच्याकडे नोंद करून दाखला काढला. पॅन कार्डावर माहेरचे आडनाव, आधारावर सासरचे. ते दुरुस्त करायला दोन महिने गेले. बाकी जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, दोघांचे वैद्यकीय प्रमाणपत्र, एकत्र फोटो, आणि दोन ओळखीच्या माणसांची पत्रे. ताईला भीती होती की आजारामुळे नाकारतील. नियम असा आहे की जिवाला धोका असलेला आजार नसावा, मूल वाढवण्याची ताकद असावी. तिचा रक्तदाब औषधाने आटोक्यात होता, डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले.

मग समाजसेविका घर पाहायला आली. विटांचे दोन खोल्यांचे घर पाहून ताई ओशाळली होती. पण बाईंनी घर किती मोठे हे विचारले नाही. मूल आजारी पडले तर कोण जवळ राहील, सासूचे मत काय, मुलाला दत्तक असल्याचे कधी सांगाल, हे विचारले. त्या दिवशी सासूने दिलेले उत्तर आम्ही विसरणार नाही : "मी राहीन. मी घरीच असतो ना बाई."

खर्चाचेही सांगतो, कारण इथेच दलाल फसवतात. गृह अध्ययनाचे सहा हजार, मूल स्वीकारल्यावर संस्थेच्या बाल संगोपन निधीचे पन्नास हजार, आणि नंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याच्या भेटीला दोन-दोन हजार. पैसे भरण्याआधी त्या वेळचे दर पोर्टलवर पाहा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मजुराच्या घराला पन्नास हजार थोडे नाहीत. ताईने बचत गटातून कर्ज घेतले, बाकी नवऱ्याने तीन वर्षांत साठवले होते. गरीब घरांसाठी ही रक्कम कमी करावी, अशी आमची मागणी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही.

तीन वर्षे? हो. नोंदणी २०२२ च्या सुरुवातीला झाली, फोन आला २०२५ मध्ये. सरकारी यंत्रणेतून २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ दत्तके झाली, आणि रांगेत थांबलेली जोडपी त्याच्या कितीतरी पट आहेत. मधे गृह अध्ययनाची तीन वर्षांची मुदत संपली, ते नवे करून घ्यावे लागले. या वर्षांत ताई दोनदा म्हणाली, नाव काढून टाका. दोन्ही वेळा आम्ही म्हटले, राहू द्या, नाव राहिल्याने काही बिघडत नाही. लहान बाळाचा आग्रह सोडून चार-सहा वर्षांचे मूल घेतले किंवा विशेष गरजा असलेले मूल घेतले तर वाट इतकी लांब नसते, हेही सांगून ठेवतो.

लेक घरी आली

संदेश आला तेव्हा ताई धानाच्या बांधावर होती. ४८ तासांत हो किंवा नाही सांगायचे असते. फोटो, मुलीची माहिती आणि वैद्यकीय अहवाल मोबाइलवर होता. आम्ही तो अहवाल बालरोग डॉक्टरांना दाखवला : वजन, लसी, कावीळ, एचआयव्ही, सिकलसेल. मुलगी अकरा महिन्यांची, वजन थोडे कमी, बाकी ठीक. नंतर संस्थेत जाऊन भेटायचे असते, मग स्वीकारपत्र.

मुलगी आधी 'दत्तकपूर्व संगोपन' म्हणून घरी येते, मग अंतिम आदेश. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात, अर्जापासून दोन महिन्यांत व्हावा असा नियम आहे. त्यानंतर जन्माच्या दाखल्यावर आई-बाप म्हणून यांचीच नावे लागतात, आणि पोटच्या मुलाचे सगळे हक्क तिला मिळतात.

घरी आल्यावर काय करायचे, हे कोणी शिकवत नाही म्हणून लिहितो. पहिले काही आठवडे बाळाला अख्ख्या वस्तीच्या मांडीवर फिरवू नका. संस्थेत तिला खूप हात मिळालेले असतात, एक कूस मिळालेली नसते. भरवणे, झोपवणे, अंघोळ शक्यतो एकाच-दोघांनी करा. ती रडत नसेल तर "शहाणी आहे" म्हणू नका. रडून कोणी येत नाही हे ती शिकली असेल. दूध बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या. तिथे काय खात होती ते विचारून तेच आधी द्या, मग हळूहळू वरण-भात. लसीचे कार्ड आशाताईला दाखवा, अंगणवाडीत वजन करा. आणि ती दत्तक आहे हे तिला लहानपणापासून, गोष्टीसारखे सांगा. बाहेरून कळले तर तिला वाटते आपल्याशी खोटे बोलले.

आमची ही लेक पहिले नऊ दिवस रडली नाही. दहाव्या रात्री मोठ्याने रडली. ताई घाबरून आम्हाला फोन करत होती, आणि आम्ही इकडे आनंदाने रडत होतो.

विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन नाव ठेवले. कोणी विचारले नाही की कोणाची. एका म्हाताऱ्या बाईने फक्त विचारले, "आज्जीवर गेली का?" सासू म्हणाली, "माह्यावरच गेली."

ज्या बाळांना आम्ही वाचवू शकलो नाही ती परत येणार नाहीत, आणि ही लेक त्यांच्या जागी आलेली नाही. ताई आजही जून महिन्यात एक दिवस गप्प असते. त्या दिवशी आम्ही जातो, काही बोलत नाही, तिची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही एवढे पाहतो.

तुमच्या वस्तीत असे घर असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा. मग दोघांची तपासणी करा. आणि दत्तकाचा विचार असेल तर जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात बाल संरक्षण कक्ष आहे, तिथे सोबत जा. एकटे पाठवू नका.

जय भीम.